जागा तुमची आहे, पण तिथे काय करता येईल ते झोन ठरवतो, तो आधी कसा बघायचा

जागा घेताना आपण सगळे कागद बघतो, मालक कोण आहे, कर्ज आहे का, वाद आहे का, आणि ते बघायलाच पाहिजे, पण त्यातून एवढंच कळतं की जागा कोणाची आहे. तिथे काय करता येईल ते दुसरीकडेच लिहिलेलं असतं, म्हणजे तिथल्या स्थानिक संस्थेच्या झोनच्या नकाशात आणि त्याच्यासोबतच्या नियमावलीत. झोन म्हणजे गावाचे किंवा शहराचे वापरानुसार पाडलेले भाग, आणि प्रत्येक भागाचे नियम वेगळे. माझ्या अगदी जवळच्या एका बाईंनी तळमजल्यावर फिजिओथेरपीचं क्लिनिक काढायचं म्हणून घर घेतलं, कागद सगळे क्लिअर होते. नंतर कळलं की त्या झोनमध्ये घरातून व्यवसाय चालतो, पण तो करणारा त्याच घरात राहायला हवा आणि बाहेरचा कर्मचारी एकच. त्यांना तीन जण ठेवायचे होते आणि राहायचं दुसरीकडे होतं. हे सगळं नियमावलीच्या एका परिच्छेदात होतं, पैसे देण्याआधी दहा मिनिटांत वाचून झालं असतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी झोन शोधा, आणि तो पत्त्यावरून नाही, प्लॉटच्या अधिकृत नंबरवरून. रस्त्याच्या एका बाजूला एक झोन आणि समोर दुसरा असं सर्रास असतं, कधीकधी तर झोनची रेघ एकाच प्लॉटमधून जाते. शेजाऱ्याचं दुकान आहे म्हणजे आपलंही चालेल असं धरून चालू नका, त्याचं दुकान नियम यायच्या आधीपासूनचं असू शकतं. आणि नकाशा बघताना विचारा की हा सध्या लागू असलेला आहे की नवा येतोय, कारण नव्याचा मसुदा निघालेला असेल तर दोन्ही बघावे लागतात.

मग वापराचा तक्ता वाचा. साधारण तीन प्रकार असतात, सरळ परवानगी असलेले वापर, अटींवर किंवा खास मंजुरीने चालणारे, आणि न चालणारे. अडकतात लोक ते मधल्या प्रकारात, कारण एजंट म्हणतो 'चालतं की', पण त्या चालण्याला सुनावणी, पार्किंगची अट, वेळेची अट असं बरंच काही जोडलेलं असतं. प्रत्येक झोनचा स्वभावही वेगळा. जपानमध्ये सगळ्यात कडक रहिवासी झोनमध्येसुद्धा राहत्या घरात ५० चौरस मीटरपर्यंतचं छोटं दुकान चालू शकतं, दुसरीकडे फक्त घर म्हणजे फक्त घरच. त्यामुळे 'रेसिडेन्शियल आहे' एवढ्या शब्दावर थांबू नका, तुम्हाला नेमकं जे करायचंय ते त्या तक्त्यात शोधा.

आता मापं, आणि इथे मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण जागेची खरी किंमत इथे ठरते. उदाहरणासाठी १० मीटर रुंद आणि २० मीटर लांब प्लॉट धरा, म्हणजे २०० चौरस मीटर. समोर ४ मीटर, मागे ३ आणि दोन्ही बाजूंना दीड दीड मीटर सोडायचे असा सेटबॅक असेल तर मधे उरतात ७ गुणिले १३, म्हणजे ९१ चौरस मीटर. पण नियमात ग्राउंड कव्हरेज ४० टक्के असेल तर जमिनीवर ८० च व्यापता येतात, ९१ नाही. एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट एकूण बांधकाम करता येतं तो आकडा, १ असेल तर कागदावर एकूण २०० चौरस मीटर बांधता येतं, आणि विकणारा हाच आकडा सांगणार. पण उंचीची मर्यादा ७ मीटर असेल तर जेमतेम दोन मजले बसतात, म्हणजे १६०. उरलेले ४० चौरस मीटर कागदावरच राहतात, ते बांधताच येत नाहीत. चार नियम आहेत आणि चारही पाळायचेत, त्यामुळे ज्यातून सगळ्यात कमी निघतं तेच तुमच्या हातात येतं. तुमच्या जागेचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब असाच कागदावर मांडा आणि मग टेप घेऊन प्लॉटवर जाऊन सेटबॅकच्या ठिकाणी चुन्याची रेघ मारून बघा, नुसत्या आकड्यांपेक्षा जास्त कळतं. पार्किंग त्यात बसतं का तेही तिथेच बघा, समोरच्या सेटबॅकमध्ये गाडी लावायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते.

हे नियम उगाच आलेले नाहीत हेही सांगतो. न्यूयॉर्कमध्ये १९१५ मध्ये इक्विटेबल बिल्डिंग फूटपाथपासून सरळ वर चढली, आजूबाजूच्या रस्त्यांवर सावली पडली, आणि १९१६ मध्ये शहराने अख्ख्या शहराला लागू होणारे झोनचे नियम आणले. तुमच्या खिडकीतलं ऊनही शेजाऱ्याच्या सेटबॅकवरच टिकून असतं.

झोनच्या वर आणखी थर असू शकतात, पूररेषा, हेरिटेज, विमानतळाजवळची उंची, रस्ता रुंदीकरण, सार्वजनिक कामासाठी आरक्षण. प्रत्येक वेगळा विचारावा लागतो, कारण एकाच नकाशात सगळं दिसेल असं नाही. शिवाय सोसायटीच्या किंवा मूळ खरेदीखतातल्या अटी असतात त्या वेगळ्याच. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात नेहमीसारखं झोनिंग नाहीये, पण अनेक वस्त्यांमध्ये खरेदीखतातल्या अटीच काय बांधायचं नाही ते ठरवतात.

जुनी इमारत घेत असाल तर एक गोष्ट जरूर तपासा. नियम बदलायच्या आधीपासून कायदेशीर चालू असलेला वापर सहसा पुढे चालू देतात, पण तो वाढवता येत नाही, आणि ठराविक काळ बंद पडला किंवा इमारत बरीचशी पडली तर तो हक्क जातो. म्हणजे रहिवासी भागातलं जुनं वर्कशॉप घेऊन तुम्ही रिनोव्हेशनसाठी दीड वर्ष कुलूप लावलंत तर उघडताना परवानगीच उरलेली नसेल असं होऊ शकतं. बंद ठेवायची मुदत किती ते आधी विचारा, आणि वापर सलग चालू होता याचे पुरावे, जुनी वीजबिलं, परवाने, कराच्या पावत्या, विकणाऱ्याकडूनच मागून घ्या, नंतर तो फोन उचलेलच असं नाही.

नियमात बसत नसेल तर शिथिलता मागता येते किंवा झोन बदलायचा अर्ज करता येतो. शिथिलतेसाठी 'माझं नुकसान होतंय' हे कारण बहुतेक ठिकाणी पुरत नाही, प्लॉट तिरका आहे, उताराचा आहे, म्हणून नियम इथे नीट लागू होत नाही असं नकाशासकट दाखवावं लागतं. आणि झोनमुळे किंमत कमी झाली तर भरपाई मिळेलच असं समजू नका. ओहायोतल्या युक्लिड गावात अ‍ॅम्बलर रिअल्टी कंपनीची ६८ एकर जमीन होती, झोनिंगमुळे एकरी किंमत १० हजार डॉलरवरून अडीच हजारांवर आली असं कंपनीचं म्हणणं होतं, तरी १९२६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने झोनिंग वैध ठरवलं.

तोंडी उत्तरावर एक रुपयाही देऊ नका. प्लॉट नंबर, नेमका वापर, किती माणसं, किती वेळ, किती बांधकाम असं लिहून प्रश्न द्या आणि उत्तर लेखी घ्या, तारीख आणि सही असलेलं. करारात अट घाला की ही परवानगी मिळाली नाही तर व्यवहार रद्द होऊन टोकन परत मिळेल, विकणारा तयार नसेल तर का नाही ते शांतपणे विचारा.

आणि जागा घेऊन झाली म्हणजे काम संपलं असं नाही, शेजारच्या प्लॉटचा झोन बदलायची नोटीस येते तेव्हा हरकतीची मुदत थोडीच असते. 'आम्हाला नको' एवढंच लिहू नका. तुमच्या भिंतीपासून किती मीटरवर काय येतंय, सकाळी किती वाजता ट्रक येणार, पाणी कुठून वाहणार असं मोजून, फोटो लावून लिहा, दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घेऊन ती घरी जपून ठेवा.