हॉलमध्ये रंग आणायचाय? भिंतीला हात लावण्याआधी या चुका टाळा

बिल्डरकडून ताबा मिळालेला फ्लॅट आठवा. मोतिया भिंती, आयव्हरी व्हिट्रिफाइड लादी, वर पांढरं पीओपी. त्यात आपण मळखाऊ हवा म्हणून बदामी सोफा आणतो, टीव्ही युनिटला तपकिरी सनमायका लावतो आणि कशावरही जातील म्हणून पडदे बिस्किटी घेतो. दोन-तीन वर्षांत त्या हॉलचा कंटाळा येतो. मग एखाद्या रविवारी घरातलं कुणीतरी म्हणतं, "एक भिंत डार्क करून टाकू या!" गोंधळ इथून सुरू होतो.

माझ्या मते हॉलमध्ये रंग आणायचा तर भिंतीचा नंबर सगळ्यात शेवटी लागला पाहिजे. पडद्याचं, अभ्र्यांचं कापड दुकानात जे असेल त्यातूनच घ्यावं लागतं. भिंतीचा रंग मात्र मशीनवर हव्या त्या छटेत कालवून मिळतो. तरीही बहुतेक घरांत आधी भिंत रंगते आणि मग त्या छटेचा पडदा शोधत लोक लक्ष्मी रोडवर नाहीतर दादरला दुकानं पालथी घालतात. तो पडदा सहसा मिळत नाही. मिळाला तर बजेटात बसत नाही.

लादी आणि सोफ्याला कुणी विचारलंच नाही

'आमच्या हॉलमध्ये रंगच नाही' हे खरं नसतं. मोतिया, बदामी, राखाडी या प्रत्येकात एक दबलेली झाक असते. कुठल्या मोतियात पिवळी, कुठल्यात गुलाबी, कुठल्यात हिरवट. एकटा असताना तो रंग काही बोलत नाही, पण शेजारी ठसठशीत रंग आला की झाक लगेच वर येते. पिवळसर लादीवर निळसर राखाडी गालिचा टाकला की लादी जुनाट दिसू लागते. गुलाबी झाकेच्या बदामी सोफ्यामागे शेवाळी भिंत आली की सोफा उगाच मांसाच्या रंगाचा दिसतो. दोष सोफ्यात नसतो आणि शेवाळीतही नसतो, जोडी चुकलेली असते.

झाक ओळखायला एक कोरा पांढरा झेरॉक्सचा कागद पुरतो. दिवसा, सगळे दिवे बंद करून, तो लादीवर ठेवा, मग सोफ्याच्या हातावर, मग भिंतीला धरा. इतकी वर्षं पांढरी वाटणारी लादी पिवळी किंवा गुलाबट आहे हे पटकन दिसेल. पिवळी झाक निघाली तर हळदी, विटकरी, डाळिंबी, शेवाळी, मोरपंखी हे रंग सहज बसतात. राखाडी किंवा निळसर निघाली तर गडद निळा, जांभळा, बाटली हिरवा. लादी पिवळसर आणि सोफा राखाडी अशी सरमिसळ हल्ली बऱ्याच घरांत दिसते. तिथे दोन्ही छटा आणि वर एक ठळक रंग असलेला गालिचा आधी घ्या. तो दोघांची सोयरीक जुळवतो.

कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांना लाल कोबा असतो. तिथे हा सगळा खटाटोप लागतच नाही, कारण खोलीतला सगळ्यात मोठा रंग पायाखालीच असतो. अशा घरात भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या राहू द्या. वर लाकूड आणि खाली तो लाल, एवढं भरपूर झालं.

रंग दिवसा निवडला, हॉल रात्री वापरला

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. शेड दुकानात पसंत होते, तीही भर दुपारी. घरातली माणसं मात्र हॉलमध्ये एकत्र बसतात ती संध्याकाळी सातनंतर, ट्यूबच्या उजेडात.

घरातल्या एलईडी ट्यूबचं किंवा बल्बचं खोकं पाहा. त्यावर 6500 के (के म्हणजे केल्व्हिन, उजेडाच्या छटेचं माप) लिहिलेलं असेल तर उजेड निळसर पांढरा. आपल्याकडे बहुतेक घरांत हाच असतो, कारण 'लख्ख' दिसतो. या उजेडात हळदी रंग लिंबाकडे झुकतो, विटकरी फिका पडतो आणि मोतिया भिंत दवाखान्यासारखी दिसते. 3000 के म्हणजे पिवळसर, 4000 के मधला. उबदार रंग आणायचे असतील तर आधी दिवे बदला. रंगाऱ्याच्या बिलापुढे हा खर्च किरकोळ आहे. कित्येकदा दिवे बदलल्यावर भिंत रंगवायची गरजच उरत नाही. अभ्यासाला किंवा शिवणकामाला पांढरा उजेड हवा असेल तर त्या जागी 4000 के चा वेगळा दिवा लावा. पण छतावर एक निळसर आणि एक पिवळसर असे दिवे एकाच वेळी पेटवू नका. एकच भिंत दोन रंगांची दिसते.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, सीआरआय. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप आणि त्याची कमाल 100. बाजारातले साधे एलईडी 80 च्या आसपास असतात. त्यांच्या उजेडात गडद लाल नीट उठत नाही. दिवसा रसरशीत डाळिंबी दिसणारे अभ्रे रात्री तपकिरी का दिसतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. सोफ्याजवळच्या दिव्यात 90 च्या वरचा बल्ब लावून पाहा.

शेडकार्डावरचा बोटभर चौकोन

तो चौकोन पाहून भिंत ठरवणं म्हणजे शिताऐवजी तांदळाच्या दाण्यावरून भाताची परीक्षा करणं. भिंतीवर रंग नेहमी जास्त गडद, जास्त भडक दिसतो. एक तर क्षेत्रफळ मोठं, आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात. चकचकीत लादीही तो परत वर फेकते. नारिंगी भिंतीसमोर बसलेल्या माणसांचे चेहरे तांबूस दिसतात, पोपटी भिंतीसमोर आजारी. फोटो काढला की हे जास्तच कळतं.

नमुन्याचा लहान डबा मिळत असेल तर तो आणा, नाहीतर सगळ्यात लहान डबा. साधारण दोन फूट बाय दोन फुटांचा पुठ्ठा घ्या, कडेला चार बोटं पांढरी जागा सोडा आणि रंगाचे दोन हात मारा. थेट जुन्या भिंतीवर पट्टा ओढला तर आजूबाजूचा जुना रंग डोळ्याला फसवतो, म्हणून ही पांढरी चौकट. वाळल्यावर पुठ्ठा सोफ्यामागे, टीव्हीमागे, खिडकीशेजारी असा फिरवत राहा. सकाळी, दुपारी तीनला आणि रात्री दिवे लावून बघा. पश्चिमेच्या खिडकीचं तिरपं ऊन येणाऱ्या हॉलमध्ये दुपारी तीनचा निकाल बाकीच्या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा. उबदार रंग त्या वेळी अंगावर येतो.

कुठली भिंत रंगवायची? लोक बहुधा टीव्हीची निवडतात, कारण ती समोर दिसते. पण तिथे आधीच युनिट, सेटटॉप बॉक्स, वायरी, शोपीस यांची गर्दी असते. त्यात गडद रंग घातला की गर्दी दुप्पट वाटते. सोफ्यामागची भिंत बरी. ती बऱ्यापैकी मोकळी असते आणि दारातून आत येणाऱ्याला आधी तीच दिसते. आणि जिथे दरवर्षी गणपती बसतो तो कोपरा शक्यतो साधाच ठेवा. मखराचा आणि मागच्या पडद्याचा रंग दर भाद्रपदात बदलणार, त्याच्याशी कायमच्या भिंतीचं भांडण नको.

दसरा-दिवाळीची घाई

पाऊस संपला की लगेच रंगाचं काम काढायचं ही आपली पद्धत. पण बाहेरच्या बाजूची भिंत तेव्हा आतून ओली असू शकते, मुंबईत आणि किनारपट्टीला तर विशेष. फिक्या भिंतीवर ओल फारशी दिसत नाही. गडद निळ्या किंवा विटकरी भिंतीवर मात्र पांढरा क्षार फुटलेला लांबूनही कळतो आणि पोपडे सुटले की तो भाग डोळ्यांत खुपतो.

हाताला भिंत कोरडी लागते यावर जाऊ नका. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड-दोन फुटांचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर भिंत अजून ओली आहे. ऑक्टोबरच्या उन्हात ती वाळू द्या. पाणी बाहेरून मुरत असेल तर आधी बाहेरची भेग बुजवा. ओल्या भिंतीवर कितीही महागडं इमल्शन मारलं तरी ते टिकणार नाही आणि त्यासाठी रंगाऱ्याशी भांडण्यात अर्थ नाही.

पाचाचा सेट

तयार अभ्रे पाचाच्या सेटमध्ये मिळतात, पाचही सारखे. ते बदामी सोफ्यावर रांगेत मांडले की रंग आल्यासारखा वाटतो, पण तो फक्त सोफ्यापुरता, बाकी हॉल होता तसाच. उलट टोक म्हणजे एक अभ्रा राणी, एक पोपटी, एक निळा, कोपऱ्यात पिवळी फुलदाणी, दारात लाल पायपुसणं. इथे रंग भरपूर आहेत पण कुणाची कुणाशी ओळख नाही.

प्रमाण शिकायला इरकल साडी पाहावी. मोठं अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या रंगाचे, आणि पदराला लाल-पांढरं. अंगाचा रंग पडद्यांना किंवा गालिच्याला द्या, काठाचा दोन-तीन अभ्र्यांना, आणि पदराएवढा ठळक रंग एखाद्या चित्रात, दिव्याच्या शेडवर, दिवाणावरच्या एका तक्क्यावर. एक रंग खोलीत निदान तीन ठिकाणी, तीन वेगळ्या उंचींवर दिसला की तो ठरवून आणलेला वाटतो. अजिंठ्याच्या चित्रकारांचं साहित्य मोजकंच होतं: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, चुना आणि दूरवरून आलेला लाजवर्दी दगडाचा निळा. तीन रंगांवर एक हॉल सहज निभावतो. कुंड्यांचा हिरवा यात मोजायला विसरू नका, मनीप्लांट हाही रंगच आहे.

पडद्यांची लांबी हा वरवर वेगळा विषय, पण रंग वाया जातो तो इथेच. तयार पडदे 5, 7 आणि 9 फुटांचे मिळतात. खिडकीला 5 फुटी मोरपंखी पडदा लावला की भिंतीवर एक ठिगळ दिसतं. तोच रंग वरपासून लादीपर्यंत आला की भिंत रंगवल्याइतका परिणाम होतो. भाड्याच्या घरात, जिथे मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही, तिथे हाच सगळ्यात मोठा उपाय. पश्चिमेच्या खिडकीला पडद्याला अस्तर लावून घ्या, नाहीतर दोन उन्हाळ्यांत घड्यांच्या कडा विटतात.

खण आणि पैठणी

खणाचे अभ्रे सुरेख दिसतात यात वाद नाही. पण पारंपरिक खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो. तो सोफ्याला किंवा मोठ्या लोडाला ताणायला गेलात तर मध्ये जोड येतो आणि तो लपत नाही. छोटे अभ्रे, टेबलावरची पट्टी, पडद्याला खालून काठ, इथे तो शोभतो. गडद सुती कापडाचे अभ्रे पहिल्यांदा वेगळेच धुवा, रंग जातो. मिठाच्या पाण्यात भिजवलं की पक्का होतो ही समजूत आजच्या रंगांना लागू पडत नाही.

आणि आजीची पैठणी कापून उशा शिवू नका, कृपा करून. पाठ टेकून टेकून जरीचं काम घासलं जातं. पदर काचेच्या फ्रेममध्ये लावा, ऊन पडणार नाही अशा भिंतीवर. फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर असू द्या. फार वर टांगली तर ती सोफ्याशी नातं सोडून छताशी जोडते.

रंगवून झालंय आणि आवडत नाहीये

लगेच दुसरा डबा आणू नका. आधी दिवे बदलून पाहा. मग त्या भिंतीचा रंग समोरच्या बाजूला दोन ठिकाणी आणा, एक अभ्रा, एक चित्र. पुष्कळदा भिंत एकटी पडलेली असते म्हणून बोचते. तरीही नकोच असेल तर गडदावर थेट फिका मारू नका, खालचा रंग डोकावतो आणि हातावर हात चढत जातात. आधी भिंत घासून पांढऱ्या प्रायमरचा एक हात, मग नवा रंग.

डाग मात्र वेगळी गोष्ट. गडद मॅट भिंतीवर सोफा किंवा खुर्ची घासून चकचकीत पट्टे पडतात आणि तेवढ्यावरच ब्रश मारला तर नवा डाग तयार होतो. अशा वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते. म्हणून सुरुवातीलाच हिशेब करून सगळा रंग एकदम घ्या. 12 फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच भिंत म्हणजे 114 चौरस फूट. डब्यावर दोन हातांसाठी लिटरला किती चौरस फूट लिहिलंय त्याने भागा आणि थोडा जास्तच धरा. एकाहून अधिक डबे असतील तर रंगाऱ्याला ते मोठ्या बादलीत एकत्र कालवायला सांगा, कारण मशीनवर कालवलेल्या दोन डब्यांत किंचित फरक पडू शकतो. उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि तिच्यावर शेडचा कोड, कंपनी आणि महिना-वर्ष लिहून चिकटवा.