थिबा राजवाड्याचा इतिहास कसा शोधावा

रत्नागिरीतील थिबा राजवाड्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने सर्वप्रथम दोन तारखा वेगळ्या ठेवाव्यात. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि मद्रासमार्गे १८८६ मध्ये रत्नागिरीत आणला गेला. हा वाडा मात्र १९१० च्या सुमारास उभा राहिला. म्हणजेच तीस वर्षांच्या बंदिवासापैकी जेमतेम सहा वर्षेच राजा या वास्तूत राहिला, आणि १९१६ मध्ये त्याचे निधन झाले. ‘राजाने येथे तीस वर्षे काढली’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य म्हणूनच उतरवून घेऊ नये.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा (जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा) रत्नागिरी खंड १८८० चा असल्याने त्यात थिबा शोधण्यात अर्थ नाही. बंदराचे आणि तत्कालीन गावाचे चित्र समजण्यासाठी मात्र तो अवश्य वाचावा. खरी सामग्री सरकारी पत्रव्यवहारात असते, कारण राजकैद्याच्या खर्चाची आणि निवासाची चर्चा कागदावरच होत असे. त्यासाठी मुंबईतील महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात राजकीय विभागाची दप्तरे विषय व वर्ष सांगून मागवावीत. जागेची मालकी पाहायची असल्यास नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका उपयोगी पडते.

त्यानंतरच वास्तू पाहावी. उतरती छपरे आणि अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या यांची छायाचित्रे घेताना मूळ काम आणि नंतरची डागडुजी यांची नोंद निरनिराळी ठेवावी. शहरातच असलेली राजाची समाधी टाळू नये. अनेकजण ती न पाहताच परततात.