लोकलच्या भीतीने पाणी तोडू नका
ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची म्हटलं की आई सकाळपासून घोटभर पाणी घ्यायची नाही. तिला लघवी गळण्याचा त्रास, आणि गाडीत शौचालय नसतं. पिशवीच्या तळाशी जादा परकर घडी करून ठेवलेला असायचा. पण पाणी तोडलं की लघवी गडद होते, मूत्राशय जास्त चाळवतं. वर बद्धकोष्ठ झालं, तर भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. त्यापेक्षा तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता लघवीला गेलात, काय प्यायलात, कधी गळलं. मग लघवीला जायच्या दोन वेळांमधलं अंतर हळूहळू, 15-15 मिनिटांनी वाढवा. वायू रोखताना जे स्नायू आवळतो ते 5 सेकंद आवळून सोडा. 10 वेळा, दिवसातून तीनदा. फरक पडायला तीनेक महिने लागतात, धीर धरा. चहा मात्र कमी कराच. लघवीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; मांड्यांमध्ये अचानक बधिरपणा आला, तर लगेच रुग्णालय गाठा.