साल न छापलेलं व्हिक्टोरियन गाणं: प्रत कधीची, ते कसं काढावं

साल छापलं की माल शिळा दिसतो, म्हणून लंडनचे प्रकाशक शीट म्युझिकवर, म्हणजे गाण्याच्या छापील स्वरलिपीवर, सहसा ते घालतच नसत. त्यामुळे ‘क्लॅरिबेल’चं एखादं गाणं हाती आलं की पहिला प्रश्न सालाचाच पडतो.

क्लॅरिबेल म्हणजे शार्लट ॲलिंग्टन बर्नार्ड. जन्म १८३०, लिंकनशायरमधल्या लाउथ गावी. मृत्यू १८६९, डोव्हरला. जेमतेम दहा-अकरा वर्षांत तिने शंभराच्या आसपास गाणी रचली. आता इथेच बहुतेक जण घसरतात. संगीतकार १८६९ला गेली, म्हणून प्रतही त्याआधीची धरतात. पण गाणं खपत होतं तोवर छपाईच्या त्याच कोरीव धातूच्या प्लेटांवरून प्रती निघत राहिल्या. गाण्याचं साल वेगळं, प्रतीचं वेगळं.

सुरुवात मुखपृष्ठाच्या तळाशी छापलेल्या पत्त्यापासून करा. ‘कम बॅक टू एरिन’ हे तिचं गाणं १८६६चं. प्रकाशक बूझी. त्यांचं दुकान १८७४मध्ये होल्स स्ट्रीटवरून २९५, रीजंट स्ट्रीटला गेलं. होल्स स्ट्रीट असेल तर प्रत १८६६ ते १८७४मधली. रीजंट स्ट्रीट असेल तर ती छापली तेव्हा क्लॅरिबेलला जाऊन किमान पाच वर्षं झाली होती. नोव्हेलो या दुसऱ्या प्रकाशकाचंही असंच: १८६७पर्यंत डीन स्ट्रीट, नंतर बर्नर्स स्ट्रीट.

मग प्लेट नंबर, म्हणजे प्रकाशकाने प्लेटवर घातलेला क्रमांक. तो प्रत्येक पानाच्या तळाशी, बहुधा मधोमध असतो. एकाच प्रकाशकाच्या दोन गाण्यांत आधीचं कुठलं, एवढाच अंदाज त्यावरून बांधा, कारण प्लेटा दुसऱ्या प्रकाशकाने विकत घेतल्या तरी नंबर जुनाच राहायचा. पत्ता आणि नंबर जुळले नाहीत तर प्रतीपुरता पत्ता खरा माना.

पान उजेडात तिरकं धरून मजकुराच्या चौकटीबाहेर हलकं बोट फिरवा. दबलेली कड लागली तर छपाई थेट कोरीव प्लेटवरून झालेली आहे. कड नसेल तर बहुधा लिथोवर (सपाट दगडावरून होणाऱ्या छपाईवर) उतरवलेली, म्हणजे मोठ्या खपाची प्रत. बांधीव खंडात मात्र बाइंडरने कडा कापलेल्या असतात. तिथे कधीकधी प्लेट नंबरही कात्रीखाली गेलेला असतो.

किंमत ‘४/-’ म्हणजे चार शिलिंग, पण दुकानात बहुधा निम्म्यातच मिळे. ‘नेट’ (म्हणजे सूट नसलेली किंमत) असं छापलं असेल तर प्रत सहसा शतकाच्या उत्तरार्धातली. जाहीर गायनाचा हक्क राखून ठेवल्याची सूचना दिसली तर १८८२चा संगीताच्या कॉपीराइटचा कायदा आठवा. त्याआधी हौशी गायकांना गाठून दोन-दोन पौंड उकळण्याचा धंदा चालला होता. तो थांबवायला, हक्क राखायचा असेल तर ही सूचना छापणं सक्तीचं झालं. गाणं विनाशुल्क म्हणायला हरकत नाही, असंही काही प्रकाशक मुद्दाम छापत.

नाव शोधताना एकाच नावावर थांबू नका. टोपणनावं होतीच (‘डोलोरेस’ म्हणजे एलन डिक्सन), शिवाय लग्नानंतरची नावं. १८६३मध्ये सिंफनी लिहिणारी ॲलिस मेरी स्मिथ १८६७नंतर मेडोज व्हाइट या आडनावाखालीही सापडते. एथेल स्मिथ (१८५८–१९४४) ही निराळीच बाई. इंग्रजी स्पेलिंगही वेगळं, मराठीत मात्र दोघी हमखास एक होतात.

कॅटलॉगमधलं चौकोनी कंसातलं साल हा ग्रंथपालाचा अंदाज असतो. मुखपृष्ठावर जुन्या मालकिणीने सही करून तारीख टाकली असेल तर प्रत त्यानंतरची नाही, एवढं पक्कं.

निष्कर्ष मऊ पेन्सिलीने वेगळ्या पाकिटावर लिहा: ‘गाणं १८६६, प्रत १८७४ किंवा नंतरची’. फाटलेल्या घडीला सेलोटेप मुळीच लावू नका. डिंक पिवळा पडून कागदात उतरतो, आणि डाग नेमका तळाच्या पत्त्यावर पडला तर सगळ्यात भरवशाचा पुरावाच गेला.