डीस्पेसवर मराठी शोध आणि संदर्भाची सोय: सुरू करण्याआधीची तयारी

डीस्पेस म्हणजे संस्थेचे प्रबंध, पुस्तके साठवून ऑनलाइन शोधू देणारी प्रणाली. आधी तीन गोष्टींचा बॅकअप घ्या: डेटाबेस, असेटस्टोअर (मूळ फाइलींचे कोठार) आणि सोलर या तिच्या शोधयंत्रामधला स्टॅटिस्टिक्स कोअर, म्हणजे आकडेवारीचा साठा. शोधाचा कोअर बिघडला तर पुन्हा बांधता येतो; डाउनलोडची आकडेवारी मात्र सोलरमध्येच असते, ती गेली की गेली. पुढचे सगळे चाचणीच्या सर्व्हरवर करा आणि तिथे जुनी पुस्तके, स्कॅन, नवे प्रबंध अशा सरमिसळ दोनेकशे नोंदी ठेवा.

मग प्रत्येक प्रकारची एकेक पीडीएफ उघडून त्यातला परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठी अक्षरे दिसली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटातला आहे. काहीच आले नाही तर ते नुसते चित्र आहे. दोन्हींना ओसीआर (चित्रातून मजकूर ओळखणे) हवे: ३०० डीपीआय, टेसरॅक्ट हे ओसीआरचे सॉफ्टवेअर, त्याचा मराठीचा डेटा. ओसीआरमायपीडीएफ (पीडीएफवर टेसरॅक्ट चालवणारे साधन) वापरत असाल तर जुन्या फाँटाच्या पानावर ‘मजकूर आधीच आहे’ म्हणून ते थांबते, तिथे सक्तीचा पर्याय द्यावा लागतो.

मजकूर काढण्याची मर्यादा डीस्पेस ७ मध्ये मुळात १,००,००० अक्षरांची असते. तीनशे पानी प्रबंध सहज पाच लाखांवर जातो, म्हणजे पहिली दोन प्रकरणे सापडतात आणि निष्कर्ष सापडत नाहीत. ही मर्यादा दोन ठिकाणी आहे, मजकूर काढताना आणि सोलरला देताना. एकीकडेच वाढवली तर काहीच बदलत नाही.

सर्वांत जास्त वेळ युनिकोडसाठी राखून ठेवा. ‘आचाऱ्यांना’ हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो: कोणी नुक्त्याचा ऱ वापरतो, कोणी र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो-विड्थ जॉइनर, अक्षरे जोडणारे चिन्ह). डोळ्यांना दोन्ही सारखेच, सोलरला दोन वेगळे शब्द, आणि एनएफसी (युनिकोडचे एक प्रमाण रूप) केल्याने ते एक होत नाहीत. झेडडब्ल्यूजे सरसकट पुसणारा फिल्टर तर लावूच नका; ‘आचार्यांना’ शोधणाऱ्यासमोर स्वयंपाकी येतील. आधी र, हलन्त, झेडडब्ल्यूजे या त्रयीचे ऱ आणि हलन्त असे मॅपिंग करा, उरलेली अदृश्य चिन्हे नंतर काढा. ‘ॲ’चेही तसेच: स्वतंत्र अक्षर आणि अ अधिक चंद्र, दोन्ही एकावर आणा.

सोलरच्या मूळ स्कीमातले (मांडणीच्या फाइलीतले) स्टेमिंग, म्हणजे प्रत्यय छाटून शब्दाचे मूळ रूप काढणे, इंग्रजीचे आहे. त्याजागी हिंदीचा स्टेमर लावण्याचा मोह होतो, पण आपली सामान्यरूपे त्याच्या आवाक्यातली नाहीत. त्यापेक्षा शोधपेटीखाली एक ओळ लिहा: शेवटचा स्वर गाळून तारांकन द्या. ‘शाळ*’ टाकले की शाळा, शाळेत, शाळांमधून सगळे येते. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या ‘नांव’, ‘कांहीं’साठी शंभरेक शब्दांची समानार्थी यादी पुरते, अनुस्वार सरसकट उडवले तर ‘अंक’ही मोडतो.

तारखा इंग्रजी अंकांत, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने भरा. मुखपृष्ठावर शके १८२२ असेल तर नोंदीत १९०० लिहा आणि शके टीपेत ठेवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७८ऐवजी ७९ मिळवायचे. लेखकाचे आडनाव, स्वल्पविराम, मग नाव. आद्याक्षरे ‘वि. का.’ अशी हातानेच भरा. कोडने युनिकोड चिन्हे मोजून ती काढली तर ‘वि’चा ‘व’ होतो.

‘संदर्भ कॉपी करा’ हे बटण लावण्याआधी हँडल, म्हणजे नोंदीचा कायमचा पत्ता, पाहा. १२३४५६७८९ दिसत असेल तर तो डीस्पेसचा नमुन्याचा उपसर्ग आहे, हँडल सर्व्हर त्याला ओळखत नाही आणि छापला गेलेला संदर्भ पुढेमागे निकामी ठरतो. शोधगंगा या भारतीय प्रबंधसंग्रहाचा १०६०३ आहे, तसा स्वतःचा घ्या आणि जुन्या नोंदींचा उपसर्ग आज्ञेने बदला. गूगल स्कॉलरसाठी पानाच्या एचटीएमएल हेडमध्ये शीर्षक, तारीख, पीडीएफचा थेट दुवा आणि प्रत्येक लेखकाचा वेगळा टॅग हवा. सगळे लेखक एकाच टॅगमध्ये कोंबले की त्यांचा एकच लांबलचक लेखक होतो. फाइल ५ एमबीच्या आत ठेवा. स्कॅन तिथेच अडतात, तेव्हा ओसीआरनंतर आकार कमी करा.

शेवटी सोलर रीस्टार्ट, सक्तीच्या पर्यायासह फिल्टर-मीडिया (फाइलींतून मजकूर काढणारी आज्ञा) आणि मगच पूर्ण री-इंडेक्स. क्रम उलटला तर इंडेक्समध्ये जुनाच मजकूर बसतो.