लिनो-पोस्टरची कार्यशाळा घेताना या चुका टाळा

कला महाविद्यालयातल्या मुलांची लिनो-पोस्टरची, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून त्याच्या ठशाने पोस्टर छापायची, कार्यशाळा बहुधा पहिल्याच तासात फसते. चित्र आधी रंगतं आणि अक्षरं उरलेल्या जागेत कोंबली जातात. पोस्टर वाचलं गेलं पाहिजे, म्हणून मजकूर आधी ठरवून घ्या. पाच-सहा शब्द पुरेत. अक्षरं मूळ मापात काढून भिंतीवर लावा आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाहून वाचायला लावा.

लिनोवर देवनागरी कोरणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. उठावाची अक्षरं ठेवली, म्हणजे भोवतालचा भाग कोरून काढला, तर ‘ब’च्या पोटातली तिरपी रेघ कोरताना तुटते आणि ‘बंद’चं ‘वंद’ होतं. अनुस्वाराचा ठिपका सुटा असल्याने तोही सहज उडतो. नवख्या मुलांना अक्षरं खोदून पांढरी काढू द्या. तिथे अनुस्वार म्हणजे हत्याराचा एक फिरवा. दोन ओळींमध्ये वेलांटी आणि उकार मावतील एवढी जागा सोडा.

उलटं कोरायचं हे सगळ्यांना माहीत असतं, तरी चूक होते, कारण कार्बन पेपरने मजकूर सुलटाच उतरतो. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, कागद पालथा घालून घासा आणि कोरण्याआधी आरशात वाचा. दुसरा हात पात्याच्या पुढे कधीही नको, हे मात्र रोज सांगा.

छाप फिकी आली की मुलं शाई वाढवतात. नव्या ठशाचे पहिले दोन-तीन छाप फिकेच येतात. आधी दाब तपासा. प्रेस नसेल तर चमच्याची पाठ कडेपर्यंत सावकाश फिरवा. बारीक रेघा बुजत असतील तर शाई जास्त झाली आहे. रोलरवर पातळ थर घ्या.

मुंबईत जून ते सप्टेंबर तेलाच्या शाईवर दुसऱ्या दिवशी दुसरा रंग चढवायचा बेत करू नका. ती ओलीच राहते, शिवाय दमट हवेत कागद फुगून रंगांची जुळणी सरकते. पावसाळ्यात एकरंगी पोस्टर घ्या. उन्हाळ्यात पाण्याची शाई पंख्याखाली, ती पसरायच्या काचेवरच सुकते, तेव्हा छापताना पंखा बंद ठेवा. अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून कागद आणताना सगळ्या वर्गासाठी एकाच जातीचा घ्या आणि चाचणीसाठी थोडे जादा ताव धरा.