जुन्या गाडीच्या व्हॅक्यूम नळ्या: कुठली कुठे लावायची

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की इंजिनची ओढ (व्हॅक्यूम) वेगवेगळ्या भागांपर्यंत नेणाऱ्या काळ्या नळ्यांचं ते जंजाळ बघून काही जण हातच लावत नाहीत आणि काही जण जोशात येऊन सगळ्या एकदम उपटतात. मी दुसऱ्या जातीतला. कडक झाल्या होत्या म्हणून सात-आठ नळ्या एका दमात काढल्या, नवीन पाइप कापून ठेवला, आणि मग लक्षात आलं की कुठली कुठे होती हेच आठवत नाही. अंदाजाने लावल्या. गाडी चालू झाली पण आयडलला (रेस न देता नुसती चालू असताना) गदागदा हलायची आणि थांबलं की बंद पडायची, आणि मी पुढचे दोन रविवार जेट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) साफ करत बसलो, कार्ब्युरेटर बिचारा ठणठणीत होता.

त्यामुळे नियम एकच, एका वेळी एकच नळी. जुनी काढली, तेवढ्याच लांबीची नवी कापली, लावली, मगच पुढची. आधी चारी बाजूंनी फोटो काढा, आणि बॉनेटच्या आत किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर व्हॅक्यूमच्या नकाशाचं स्टिकर असेल तर त्याचाही काढा, कारण ते पुसट होत जातं. मास्किंग टेपचा तुकडा नळीच्या दोन्ही टोकांना लावून नंबर टाका. एकाच टोकाला टाकला तर दुसरं टोक कुठे जातं हा प्रश्न उरतोच.

आता माझ्यासारखं आधीच सगळं काढून बसला असाल, किंवा मागच्या मालकाने मनाला येईल तसं जोडलेलं असेल, तर एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून सुटतं. ओढ दोन प्रकारची असते. कार्ब्युरेटरच्या बटरफ्लायच्या (रेस दिली की उघडणाऱ्या झडपेच्या) खालून किंवा थेट मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेतून) निघते ती मॅनिफोल्ड व्हॅक्यूम, आयडलला भरपूर आणि फुल रेस दिली की जवळजवळ शून्य. दुसरी पोर्टेड, तिचं भोक बटरफ्लायच्या किंचित वर असतं, म्हणून आयडलला काहीच नाही आणि थोडी रेस दिली की ओढ सुरू. ओळखायला गेज (ओढ मोजणारं मीटर) लागत नाही. गाडी आयडलला ठेवा, नळी काढा आणि निपलवर (नळी जिच्यावर बसते त्या तोटीवर) बोट ठेवा. बोट चिकटलं तर मॅनिफोल्ड, नाही चिकटलं पण जरा रेस दिल्यावर चिकटलं तर पोर्टेड. बाह्या वर आणि फॅनपासून लांब, हे सांगायला लागू नये.

ब्रेक बूस्टरची (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याची) जाड नळी थेट मॅनिफोल्डवर, मध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह, आणि त्या नळीला टी लावून दुसरं काही जोडायचं नाही, ब्रेकशी खेळ नको. पीसीव्हीची (इंजिनच्या आतली वाफ परत ओढून घेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी व्हॉल्व्ह कव्हरवरून कार्ब्युरेटरच्या बुडाला, हीपण मॅनिफोल्ड व्हॅक्यूम. एअर क्लीनरमधली गरम-गार हवेची झडप असेल तर तिची नळी मॅनिफोल्डवरून, मधल्या सेन्सरमार्गे. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) मात्र पोर्टेडवर, आणि बहुतेक गाड्यांत मध्ये कूलंटच्या तापमानावर चालणारा स्विच असतो, इंजिन गरम झाल्याशिवाय तो वाट देत नाही. ईजीआर चुकून मॅनिफोल्डवर लागला तर आयडललाच धूर परत सिलिंडरमध्ये जातो आणि इंजिन धडपडतं. माझं हेच झालं होतं. डिस्ट्रिब्युटरच्या अ‍ॅडव्हान्सचं (ओढीप्रमाणे ठिणगी लवकर पाडणाऱ्या भागाच्या नळीचं) मात्र छातीठोक सांगता येत नाही, काही कंपन्या पोर्टेड देतात काही मॅनिफोल्ड, तिथे स्टिकर किंवा मॅन्युअल म्हणेल तेच. पोर्टेडवाल्या गाडीत ती मॅनिफोल्डवर लावली की आयडल उगाच चढतं, मग लोक स्क्रू पिळून ते खाली आणतात आणि मूळ चूक तशीच राहते.

वाटेत छोटे दोन रंगांचे प्लास्टिकचे डबडे दिसतील, ते डिले व्हॉल्व्ह, ओढ हळूहळू पोचवणारे. त्यांना दिशा असते, उलटे लावायचे नाहीत. कोणता रंग कोणत्या बाजूला हे फोटोत दिसलं पाहिजे.

काढताना ओढू नका. जुनी नळी निपलवर चिकटून बसलेली असते, जोर लावला की प्लास्टिकचं निपल मुळापासून कट्ट करून तुटतं आणि मग पन्नास पैशाचं काम डोक्याला ताप होतं. ब्लेडने नळीला लांबीत चीर द्या, निपलला ओरखडा न येता, आणि सोलून काढा.

नवी नळी आतल्या मापाने घ्या, बारीक निपलांना बहुधा ३ ते ५ मिमी. बोटाने ढकलताना थोडा जोर लागला पाहिजे, सहज सरकली तर माप मोठं आहे. सिलिकॉनच्या रंगीत नळ्या छान दिसतात पण पेट्रोलची वाफ किंवा ऑइल जिथून जातं तिथे त्या लावू नका, म्हणजे पीसीव्ही आणि चारकोल कॅनिस्टरला (पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याला) नाहीत, तिथे ऑइल-पेट्रोल सोसणारा पाइपच हवा. हीटरचा पाइप पीसीव्हीला लावलेला बघितलाय मी, ऑइल पिऊन फुगला होता आणि ओढीने मधूनच चपटा झाला होता.

नळी न्यायची ती एक्झॉस्टपासून लांब, थ्रॉटलच्या लिंकेजमध्ये न अडकेल अशी, आणि इंजिन हलतं तेवढी ढील ठेवून. तीव्र वळण द्यावंच लागत असेल तर कोपऱ्याचा एल्बो वापरा. न वापरलेल्या निपलांवर रबरी टोप्या घाला आणि त्याही तपासा, त्या गुपचूप तडकतात.

झालं की गेज मॅनिफोल्डवर लावा. धडधाकट इंजिन गरम असताना आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो, उंचावर दर हजार फुटांमागे साधारण एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर कुठेतरी हवा घेतेय किंवा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे आहे. एकेक नळी पक्कडीने हळूच दाबून बघा, जी दाबल्यावर आयडल सुधारतं तिच्याच वाटेवर गळती. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून शोधतात लोक, पण तो पेट घेतो, साबणाच्या पाण्याचा फवारा बरा.

गळती गेली की आयडल चढेल किंवा मिक्श्चरमध्ये (पेट्रोल-हवेच्या मिश्रणात) पेट्रोल जास्त वाटेल, कारण आधी कोणीतरी गळती झाकायला स्क्रू फिरवलेले असतात. मिक्श्चर आणि आयडल परत सेट करा, टायमिंग बघताना अ‍ॅडव्हान्सची नळी काढून तिचं टोक बंद करा, बहुतेक गाड्यांत तसंच सांगितलेलं असतं. आणि नंतर ती परत लावा, मी एकदा आठवडाभर तशीच फिरवली होती आणि गाडी पेट्रोल जास्त का पितेय म्हणून डोकं खाजवत होतो.